नुसतं पाणी

"चोळून धू. अजून वास येतोय. असल्या बाईच्या जवळ कोण बसेल?"

न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आवाज आईचा होता. बाहेर ती उभी होती, तेरा वर्षांची, डागाळलेल्या फ्रॉकची घडी मुठीत लपवून. दोन दिवसांपूर्वीच पाळी आली होती. आता तू बाई झालीस, असं आईनंच सांगितलं होतं. तेव्हा बोलणं कुणाला आहे हे काय समजायचं राहिलं होतं? ती पाय न वाजवता मागे फिरली. पाय फिरले, पण आवाज काही मागे राहिला नाही. तो तिच्याबरोबर सासरी आला, बाळंतपणाला आला, आणि एकोणचाळीस वर्षांनी आज डॉक्टरीणबाईंच्या खोलीतही आला.

"काकू, धुवायला काय वापरता?"

"नुसतं पाणी," ती म्हणाली. चौथ्या भेटीत चौथ्यांदा तेच खोटं.

खुर्ची तिनं टेबलापासून हातभर मागे ओढून घेतली होती. हल्ली ती सगळीकडेच अशी बसे. लॉन्ड्रीत तिनं आपलं टेबल पंख्याखालून उचलून खिडकीशी नेलं होतं. घरी नवऱ्याची खाट पुढच्या खोलीत गेली होती, आणि ते आपल्या घोरण्यामुळेच, असं तो बिचारा समजत होता. दाढेखाली लवंग धरून झोपून पाहिलं, आता तरी येऊ का आत, असं त्यानं परवा विचारलं, तेव्हा ती हसली होती आणि मोरीत जाऊन रडली होती.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्या लेकीएवढ्या. जे शब्द तिनं जन्मात उच्चारले नव्हते ते त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगत. योनीमार्गाचा संसर्ग, दहा महिन्यांत चौथ्यांदा. खाज, आग, स्राव. औषधानं जातो, महिन्या-दोन महिन्यांत परत येतो. पाळी गेल्यावर सुरू केलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी कधी कधी असं होतं.

"दुसरं कारण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "त्या गोळ्या बंद करून बघू या."

त्या गोळ्यांनी तिला झोप परत दिली होती. त्याआधीची दोन वर्षं अंगातून वाफा निघत, उशी भिजे, सकाळी हात कापत. आणि तिचं तर पोटच हातावर. लॉन्ड्रीत तिला सगळे डागवाल्या बाई म्हणत. शाई असो, गंज असो, रक्त असो, जे कुणाला निघत नसे ते तिच्या टेबलावर येई. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवी. डाग दिसला की तुटून पडायचं नाही. घासलं की डाग जात नाही, कापड जातं.

पोरींना शिकवायची ते असं. आणि स्वतःसाठी लॉन्ड्रीतलंच जंतुनाशक घरी न्यायची. मगभर पाण्यात दोन झाकणं. वर साबण. आग झाली की वाटायचं, आता कुठे स्वच्छ झालं.

"बरं," ती म्हणाली. "करा बंद."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

"बाटलीचं सांग की," मागून आवाज आला.

भिंतीशी स्टुलावर तिची आई बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून बरोबर आणलेली, आणि ऐकू येत नाही म्हणून आत आणलेली. आईला ऐकू येत नसे हे खरं, पण हवं तेवढं येई.

"कसली बाटली, आजी?"

"न्हाणीघरात असते. आठवड्याला एक संपते. फरशीला लागते म्हणते. फरशी तर मी रोज बघते. कोरडी ठणठणीत."

तिचे कान तापले. वाटलं, ही फरशी दुभंगावी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दिवसातून किती वेळा, असं हळूच विचारलं. तीनदा, ती म्हणाली. मग म्हणाली, कधी पाचदा. आतूनही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आतली कातडी आपलं आपण राखते, म्हणाल्या. तिची राखण रोज धुऊन टाकली तर रोग दारातच बसून राहणार. गोळ्या आत्ता बंद करायच्या नाहीत, आधी ती बाटली बंद करायची. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एवढं धुवायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

सांगायचं नव्हतं. म्हाताऱ्या जिवाला या वयात काय बोल लावायचा? पण इतकी वर्षं दाबलेलं ते वाक्य आपणहून ओठावर आलं. भिंतीकडे न बघता तिनं ते जसंच्या तसं म्हटलं. चोळून धू. अजून वास येतोय. असल्या बाईच्या जवळ कोण बसेल?

स्टूल करकरलं. आई काठी टेकून उठली. एका हातानं स्टूल ओढत आली, लेकीच्या खुर्चीला भिडवलं आणि मांडीला मांडी लावून बसली. काठीच्या मुठीवरून तिनं अंगठा फिरवला.

"तेव्हा माझीही पाळी जात होती गं, शेंडेफळा," ती म्हणाली. "दाराच्या आत मी एकटीच होते. मी मलाच म्हणत होते ते."