हाहा

“गट हरला, की मुली एकीलाच धारेवर धरतात हं. लक्ष असू द्या,” असं जपानीच्या बाई म्हणाल्या, तेव्हा वृंदाने ते हसण्यावारी नेलं होतं. आपली शाल्मली तर तिन्ही मैत्रिणींच्या गळ्यातला ताईत!

जपानीच्या आंतरशालेय स्पर्धेत या चौघींना शेवटी फक्त पाहुण्यांना आईची ओळख करून द्यायची होती. शाल्मलीने मान द्यायचा म्हणून ‘ओकासान’ म्हटलं. पण तो शब्द दुसऱ्याच्या आईसाठी असतो. परक्यांपुढे आपल्या आईला ‘हाहा’ म्हणायचं असतं. तेवढ्या एका गुणाने ढाल हुकली.

दुसऱ्या दिवसापासून वृंदा शाळेच्या फाटकाशी दिसली रे दिसली, की पोरी एका सुरात ओरडायच्या, “हाहा! हाहा!” वृंदाला जपानीचं ओ की ठो कळत नव्हतं. हरूनही कशा खिदळताहेत, म्हणून तीही हात हलवून हसायची.

एकदा घरी येताना शाल्मली म्हणाली, “आई, उद्यापासून फाटकाशी येऊ नकोस ना.”

“का गं? तुझ्या मैत्रिणी किती खूश होतात मला बघून!”

“चिडवतात त्या. हाहा म्हणजे आई. माझ्यामुळे हरलो ना आम्ही!”

वृंदाचा चेहरा पडला. “मग तू कशाला हसतेस त्यांच्यात?”

“मला तर सगळ्यांत मोठ्याने ओरडावं लागतं. नाहीतर डबा खायला जवळ बसू देत नाहीत.”

वृंदाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज तुमची लेक हसत घरी आली, तर तिला जवळ घ्या आणि कुणाला हसून आलीस, ते विचारा.