उशाजवळचं बटण

त्र्याहत्तर साली जऊळक्याच्या घरात वीज आली, तसं वायरमन इंद्रभाननं पाय लुळे पडलेल्या आईच्या उशाजवळ बटण बसवलं आणि घंटी चुलीजवळ. “घडीघडी दाबत जाय माय, तू जिती हाय हे अंजनाले समजते.”

म्हातारीला दोन दिवसांत कंटाळा आला. ती बटणावर ज्वारीचे दाणे ठेवू लागली. कोंबडी टोच मारायची, घंटी वाजायची. सुनेला, अंजनाला, ही लबाडी ठाऊक होती. ती हसून सोडून द्यायची.

आज दुपारच्या जेवणापासून घंटी सारखी वाजत होती. संध्याकाळी कामावरून आलेला इंद्रभान आईजवळ गेला आणि ओरडलाच, “अंजना, माय कवाचीच गेली! अंग लाकूड झालं!”

“अवं, घंटी तर आत्तालोक वाजून राह्यली!”

“कोंबडीनं वाजोली असन.”

अंजनानं चुलीकडे पाहिलं. रस्सा रटरटत होता. पाहुणा येणार म्हणून घरची ती एकुलती कोंबडी तिनं दुपारीच कापली होती.