पसंतीची रेघ

सिडकोतल्या त्या ऑफिसात सत्यभामाबाईंच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून त्यांना चहाच्या जाहिराती दाखवत होते. कोणती जाहिरात मनात भरली, ते म्हणे माणसाला विचारायचंच नाही, थेट त्याच्या मेंदूला विचारायचं. आधीच्या जाहिराती कोरड्याच गेल्या. शेवटच्या जाहिरातीत हातात टेंभे घेऊन अख्खं गाव गात निघालं, तशी मशीनवरची रेघ उसळली आणि बाईंचे पाय खुर्चीखाली चपला चाचपू लागले.

"हीच फायनल," मशीनपाशी बसलेल्या मॅडम हरखल्या. "आजी, खूप आवडली ना?"

नामांतराच्या दंगलीत रातोरात गाव सोडून आलेल्या सत्यभामाबाईंची नजर पडद्यावरून हलेना.



"पोरी, पुढं ह्यांनी घरं पेटवली, ते का नाय दाखवलं?"