बेडकांचा प्याला

नाईलकाठच्या उत्खननाच्या कोठीत आवदीया कित्येक वर्षं जुनी रंगवलेली खापरं जुळवत आली होती. तिच्याच हाताखाली शिकलेली, तिला 'खाला' म्हणजे मावशी म्हणणारी बतूल मात्र आता खापर नुसतं उजेडात धरून सांगायची, "हे रोमन बादशाहांच्या पहिल्या शतकातलं," आणि तेच खरं निघायचं. बेडकांची रांग रंगवलेला, अंड्याच्या टरफलाइतका पातळ प्याला तुकड्यांत सापडला, तेव्हा त्याचा काळ ठरवून वर्णन लिहायचं काम प्रमुखांनी बतूललाच दिलं.

आवदीयाच्या अंगाचा तिळपापड झाला. प्याल्याचा एक तुकडा तिने गुपचूप थैलीत टाकला आणि तापाचं निमित्त करून दुसऱ्या दिवशी घरीच बसली.

तिसऱ्या दिवशी ती कोठीत आली, तर प्याला अख्खा उभा होता. बेडकांची रांग कुठेच तुटत नव्हती.

"राहिलेला तुकडा कुठे मिळाला?" तिने विचारलं.

बतूल हसली. "थट्टा करताय, खाला? काल तुम्हीच तर आणून बसवलात. मी ठरवलेला काळ चुकला होता, तोही सुधारलात. मग मला जवळ घेऊन म्हणालात, आता रुसवा संपला."

आवदीयाने थैलीत हात घातला. तुकडा तिथेच होता.

भीतीआधी तिला संतापच आला. बतूल इतक्या मायेने जिच्याबद्दल बोलत होती, ती कोण?

तेवढ्यात बतूल आतल्या खोलीकडे वळली. "खाला, सुंठेची कॉफी निवतेय!"

"आले गं," आतून आवदीयाचाच आवाज आला.