दुसरा ब्रेक

पोलिसांना ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. आमचे मास्तर मात्र वळणावर चुकणाऱ्याला खुशाल टायरच्या भिंतीवर आपटू द्यायचे. "एकदा आपटला की जन्मभर विसरत नाही," म्हणायचे.

स्वतःची लेक शिकायला आली, तेव्हा त्यांचं काळीज पातळ झालं. शेवटच्या वळणावर ती हमखास उशीर करायची आणि मास्तरांचा पाय आपसूक ब्रेकवर पडायचा. परीक्षेच्या दिवशीही पडला.

"बाबा, ब्रेक तुम्ही दाबलात ना?" घरी जाताना तिने विचारलं.

"छे गं, तूच दाबलास. पास झालीस."

चौथ्याच महिन्यात एका पाठलागात तिची गाडी वळणावर उलटली. शेजारी बसलेला हवालदार तेवढा वाचला. हाताला प्लास्टर घेऊन तो मास्तरांना भेटायला आला.

"घाबरली होती का रे ती?"

"नाही सर. तेच तर कळत नाही. वळण आलं तसा मी ओरडलो, ब्रेक दाब! तर तिने नुसतं माझ्या पायांकडे बघितलं."