खोटं गिळणारा माईक

वत्सलाबाई खांडेपारकर रिमोट तळहातावर आपटत होत्या. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची चर्चा रंगली होती. त्यातले एक उमेदवार, वत्सलाबाईंचे यजमान दिगंबरराव, तावातावाने हातवारे करत होते, पण एकही शब्द ऐकू येत नव्हता.

"रिमोट ठीक आहे, वहिनी," शेजारच्या कमलताई म्हणाल्या. "माईक नवा आहे. खोटं वाक्य गिळून टाकतो."

शेवटी निवेदिकेने विचारलं, "तुम्हाला हे पद कशाला हवंय?"

"निवृत्त झाल्यापासून घरात मला कुणी विचारत नाही." दिगंबररावांचं हे वाक्य मात्र देशभर खणखणीत ऐकू आलं.

इतका वेळ नुसतेच ओठ हलवणाऱ्या प्रतिस्पर्धी रेणुकाबाईही म्हणाल्या, "मलाही नाही विचारत."

वत्सलाबाईंनी मत रेणुकाबाईंना दिलं.

"यांना मी विचारीन," केंद्राबाहेर त्या कमलताईंना म्हणाल्या, "त्यांना देशाने विचारावं."