चाकांची दृष्ट

धर्मराजने चौथ्या चाकावर लिंबू-मीठ चोळलं आणि बायकोला, झुंबरबाईला, बजावलं, "उद्यापस्तोर पुसू नको. उतारा वाया जातो."

अमावास्या होती. गाडी घेऊन दुसरं वर्ष चालू होतं. चाकं अलॉयची, वर काचेसारखं वार्निश. पहिल्याच दसऱ्याला धर्मराजने नारळ मोठ्या भक्तिभावाने थेट चाकांवर फोडले. वार्निशाचे टवके उडाले आणि त्याखाली अळीसारख्या पांढऱ्या रेघा पसरू लागल्या. कारण शोधायला त्याला वाटूर गावाच्या बाहेर जावं लागलं नाही. धाकटा भाऊ सर्जेराव त्या दिवशी म्हणाला होता, "दादा, चाकं लई भारी हायेत." एवढा पुरावा पुष्कळ झाला. भावाशी बोलणं बंद. चाकांना दर अमावास्येला उतारा. रेघा वाढल्या, तसं मीठही वाढलं.

आता सर्जेरावच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. झुंबरबाईने त्या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलेलं. धर्मराजने पत्रिका परत पाठवली, तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

"अहो, जर्मनच्या भांड्यात लोणचं ठेवलं तर भोकं पडतेत का न्हाई?" अॅल्युमिनियमला ती जर्मनच म्हणायची. "ही चाकं बी त्याचीच. आंबट-खारट तुमीच चोळून राह्यलेत. साध्या पान्यानं धुवा, अन् टवके भरून घ्या."

"लोणच्याला कुनाची नजर लागती का?"

झुंबरबाईने सरळ डिक्की उघडून स्टेपनी दाखवली. तेच अलॉय, तेच वार्निश, तेवढंच वय. तिच्या वाट्याला ना नारळ आला होता, ना लिंबू. एकही रेघ नव्हती.

धर्मराज बराच वेळ पाहत राहिला. त्याचा चेहरा उतरला. झुंबरबाईला वाटलं, सुटली बाई गाठ.

"बराबर हाय तुझं," तो हळूच म्हणाला. "डिक्की बंद व्हती. सर्जाची नजर पोचलीच न्हाई हितं."

आता डिक्की उघडलीच आहे, तर खबरदारी म्हणून उरलेलं लिंबू त्याने स्टेपनीलाही चोळलं.

झुंबरबाईने पदर खोचला. "बसा मंग चाकं राखत. मी लेकीच्या लग्नाचे लाडू वळायला चालले."

सर्जेरावचं घर भिंतीपलीकडेच होतं. तिथे जायला गाडी लागत नव्हती.